पत्रांनी बांधलेला संघ

कोणत्याही संस्थेचे खरे भांडवल कोणते, असा प्रश्न विचारला तर बहुतेक जण इमारती, जमिनी आणि ठेवी यांच्याकडे बोट दाखवतील. पण त्याहून मोलाचे आणि अधिक नाशवंत असे एक भांडवल प्रत्येक संस्थेपाशी असते. ते म्हणजे तिच्या माणसांना अनुभवाने आलेले ज्ञान. माणूस बदलून गेला, म्हातारा झाला किंवा देवाघरी गेला की हे ज्ञानही त्याच्याबरोबर निघून जाते आणि मागून येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून चाचपडावे लागते. एकाला जे कळले ते सर्वांना कसे कळावे, आणि आज जे कळले ते उद्यापर्यंत कसे टिकावे, हा प्रश्न म्हणूनच फार जुना आहे.

ख्रिस्तसभेला तो अगदी आरंभीच पडला होता. कलस्सै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस संत पौल सांगतात की, हे पत्र तुमच्यात वाचून झाल्यावर लावदिकिया येथील मंडळीतही वाचले जाईल असे करा आणि तिकडचे पत्र तुम्हीही वाचा. एका ठिकाणचे लेखन दुसऱ्या ठिकाणी पोचवण्याची ही साधीशी सूचना आहे. ती पाळली गेली नसती तर पौलाची कितीतरी पत्रे एकेका गावात वाचली जाऊन तिथेच विरून गेली असती.

या प्रश्नाचे उत्तर सोळाव्या शतकात एका संस्थेने नियम घालून, कागदावर आणि जगभर देण्याचा प्रयत्न केला. ती संस्था म्हणजे येशूसंघ. त्या प्रयत्नाची हकिगत आपल्या गोव्याशी, वसईशी आणि आपल्या मराठी भाषेशीही जोडलेली असल्यामुळे ती आपण समजून घेण्यासारखी आहे.

विखुरलेले सोबती

संत इग्नेशिअस लोयोला आणि त्यांचे सोबती यांनी १५३४ साली पॅरिस येथे एकत्र व्रते घेतली. २७ सप्टेंबर १५४० रोजी पोप पॉल तिसरे यांनी त्यांच्या संघाला मान्यता दिली. मात्र मान्यतेचे पत्र हाती येण्यापूर्वीच सोबत्यांची पांगापांग सुरू झाली होती. संत फ्रान्सिस झेविअर यांनी त्याच वर्षीच्या मार्चमध्ये रोम सोडले. जुन्या मठवासी संघांतील बंधू एका छपराखाली राहत, एकत्र प्रार्थना करत आणि एका पंगतीला जेवत. त्यामुळे एकाला ठाऊक असलेली गोष्ट सहजच दुसऱ्याच्या कानी जाई. येशूसंघाने असे एकत्र राहणे मुद्दामच स्वीकारले नव्हते. कुणी जर्मनीत, कुणी पोर्तुगालमध्ये, तर कुणी थेट हिंदुस्थानात. हे शरीर एक राहावे कसे?

इग्नेशिअस यांचे उत्तर होते, पत्राने. रोममध्ये बसून त्यांनी लिहिलेली व लिहवून घेतलेली सुमारे ७००० पत्रे आज उपलब्ध आहेत. डिसेंबर १५४२ मध्ये त्यांनी आपले जुने सोबती पीटर फेबर यांना पत्रलेखनाविषयीच एक पत्र धाडले. त्यातील सूचना अतिशय व्यवहारी आहे. मुख्य पत्र असे असावे की ते कोणालाही दाखवता येईल. त्यात आपण काय काम केले आणि त्याला काय फळ आले एवढेच यावे. प्रकृतीच्या तक्रारी, व्यक्तिगत मजकूर आणि गुप्त बाबी यांसाठी वेगळे कागद जोडावेत. मुख्य पत्र आधी कच्चे लिहावे, वाचून दुरुस्त करावे आणि मग स्वच्छ नकलावे. मी स्वतः तसेच करतो, असेही ते लिहितात. असे करण्याचे कारणही त्यांनी दिले आहे. संघाचे स्नेही पत्रे वाचायला मागतात. न दाखवावीत तर ते दुखावतात; दाखवावीत तर सगळा मजकूर एकात एक मिसळलेला असतो.

या एका सूचनेत मोठा विचार दडलेला आहे. सर्वांना सांगण्याजोगे काय आणि मोजक्यांनाच सांगण्याजोगे काय, हे वाचणाऱ्याने नव्हे तर लिहिणाऱ्याने लिहितानाच ठरवायचे. दोन्ही एकाच कागदावर लिहिले तर शेवटी तो कागद कुलुपातच पडून राहतो आणि कुणाच्याच उपयोगी पडत नाही.

पोलांको यांची घडी

ही सवय नियमात बसवली ती हुआन दे पोलांको यांनी. बुर्गोस येथील हा स्पॅनिश धर्मगुरू १५४७ मध्ये संघाचा चिटणीस झाला आणि तीन संघनायकांच्या हाताखाली १५७३ पर्यंत त्या पदावर राहिला. पद हाती घेतल्यानंतर काही महिन्यांतच, २७ जुलै १५४७ रोजी, त्यांनी सर्व बांधवांना एक परिपत्रक धाडले. वारंवार पत्रे का लिहावीत याची २० कारणे त्यात दिली होती. पांगलेल्यांची एकी टिकते, वरिष्ठांना योग्य सल्ला देता येतो, एकाच्या धडपडीने दुसऱ्याला धीर येतो, नवे तरुण संघाकडे ओढले जातात, अशा स्वरूपाची ती कारणे आहेत. सोबत पत्र कसे लिहावे याचे नियमही होते.

पुढे संघाच्या घटनेतच या व्यवहाराला स्थान मिळाले. प्रत्येक घराच्या प्रमुखाने प्रांतप्रमुखाला आणि प्रांतप्रमुखाने संघनायकाला ठरावीक मुदतीने लिहावे. दर चार महिन्यांनी प्रत्येक घराने आपल्या कार्याचा वृत्तांत एकदा स्थानिक भाषेत आणि एकदा लॅटिनमध्ये, प्रत्येकी दोन प्रती काढून, प्रांतप्रमुखाकडे पाठवावा. त्याने एक प्रत रोमला धाडावी आणि दुसरीच्या नकला करून त्या आपल्या प्रांतातील घरांना वाटाव्यात. घरात कोण कोण आहे याची यादीही नियमाने जावी. म्हणजे माहिती केवळ खालून वर चढत नव्हती. ती आडवीही पसरत होती. कोचीच्या किनाऱ्यावरील धडपड युरोपातील एखाद्या कॉलेजच्या भोजनगृहात वाचली जाई.

इग्नेशिअस १५५६ मध्ये निवर्तले तेव्हा संघात सुमारे १००० जण होते. संख्या वाढली तशी कागदांची रासही वाढली. चौमाही पत्रे लिहिणाऱ्यांना आणि वाचणाऱ्यांना जड होऊ लागली. म्हणून १५६५ च्या महासभेने चौमाहीऐवजी वार्षिक पत्राची प्रथा घातली. ज्ञान साठवणे जितके आवश्यक, तितकेच ते वाचणाऱ्याला झेपेल इतके ठेवणेही आवश्यक असते, हे संघाला २५ वर्षांच्या आत उमगले होते.

समुद्र आणि काळ

या व्यवस्थेपुढची सर्वांत मोठी अडचण होती समुद्राची. लिस्बनहून जहाजे मार्च-एप्रिलमध्ये निघत आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोव्याला लागत. फादर थॉमस स्टीफन्स ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून निघाले ते २४ ऑक्टोबरला गोव्यात पोचले. परतीची जहाजे हिवाळ्यात सुटत. गोव्यातून विचारलेल्या प्रश्नाचे रोमहून उत्तर यायला सगळे सुरळीत झाले तरी पावणेदोन वर्षे लागत. जहाज बुडाले की पत्रही बुडाले. म्हणून महत्त्वाच्या पत्राच्या अनेक प्रती करून त्या वेगवेगळ्या जहाजांनी पाठवत.

या अंतराची वेदना एका प्रसंगातून कळते. २८ जून १५५३ रोजी इग्नेशिअस यांनी झेविअर यांना पोर्तुगालला परत येण्याची आज्ञा करणारे पत्र लिहिले. परंतु झेविअर त्याआधीच, ३ डिसेंबर १५५२ रोजी, चीनच्या किनाऱ्याजवळील सांचिअन बेटावर देवाघरी गेले होते. जवळजवळ सात महिने उलटूनही रोमला त्याचा पत्ता नव्हता. याच झेविअर यांनी मोलुक्काच्या बेटांवर असताना सोबत्यांच्या पत्रांतील त्यांच्या सह्या कापून आपल्यापाशी जपून ठेवल्या होत्या. पत्र म्हणजे नुसती माहिती नव्हे, हे त्यांच्याइतके कुणाला कळले असेल?

अंतर एवढे असल्यावर प्रत्येक निर्णय रोमने घ्यावा हे शक्यच नव्हते. म्हणून प्रत्यक्ष जागेवर असलेल्या माणसाला तारतम्याने वागण्याची मोकळीक देण्यात येई आणि त्याने काय केले ते नंतर कळवावे अशी अपेक्षा असे. फादर गास्पर बार्झेऊस यांना ओर्मुझला धाडताना १५४९ मध्ये झेविअर यांनी एक दीर्घ सूचनापत्र दिले. तेथील माणसांशी बोला, त्यांचे व्यवहार समजून घ्या, ही जिवंत पुस्तकेच तुम्हाला अधिक शिकवतील, असा त्याचा एक आशय आहे. विद्यापीठात शिकलेल्या माणसाने दिलेला हा सल्ला आहे, हे ध्यानात घ्यावे.

पत्रांनी काय साधले

झेविअर यांनी १५ जानेवारी १५४४ रोजी कोचीहून पाठवलेले पत्र पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये छापले गेले. विद्वत्तेच्या मागे लागलेल्या विद्यापीठांतील तरुणांना हाका मारत फिरावेसे वाटते, ही त्यातील तळमळ वाचून कितीतरी जणांनी मिशनकार्याची वाट धरली. मन्नारच्या किनाऱ्यावर फादर हेन्रिक हेन्रिकेस यांनी तमिळ भाषेचे व्याकरण रचले. स्वतः शिकलेली भाषा मागून येणाऱ्याने पुन्हा शून्यातून शिकू नये, हा त्यामागचा हेतू. त्यांचे तमिळ पुस्तक १५७८ मध्ये कोल्लम येथे छापले गेले.

आपल्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याचे उदाहरण फादर स्टीफन्स यांचे. त्यांनी १६०८ साली रोमला संघनायकांना लिहिलेले एक पत्र उपलब्ध आहे. मलबारात झाली तशी या प्रांताच्या भाषेत आणि येथील लिपीतच पुस्तके छापली जावीत अशी आपली फार वर्षांची इच्छा आहे, असे त्यात ते कळवतात. अडचणी दोन: युरोपातील २४ अक्षरांच्या जागी येथे सुमारे ६०० खिळे पाडावे लागतील, आणि वरिष्ठांच्या परवानगीशिवाय हे होणे नाही. ती इच्छा पुरी झाली नाही. १६१६ मध्ये रायतूर येथे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले ते रोमन लिपीत. परंतु मराठी ग्रंथ आपल्याच लिपीत यावा असे त्यांच्या मनात होते, हे आज आपल्याला ठाऊक आहे ते केवळ ते पत्र जपले गेले म्हणून. त्यांनी रचलेले व्याकरणही त्यांच्या मृत्यूनंतर, फादर दिओगो रिबेरो यांनी भर घातल्यावर, १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. एकाचे काम दुसऱ्याने पुरे करावे ते असे.

सोळाव्या शतकातील वसई आणि ठाण्याच्या ख्रिस्ती वस्त्यांविषयी आपल्याला जे तपशील मिळतात, त्यांतील बराच भाग याच पत्रव्यवहारातून आलेला आहे.

उणिवांची बाजू

इतिहास लिहिताना केवळ गौरव करून भागत नाही. या व्यवस्थेच्या काही उणिवा तिच्या नियमांतूनच जन्मल्या होत्या.

पहिली उणीव म्हणजे बोधप्रद लिहिण्याचा हव्यास. सर्वांना दाखवायचे पत्र श्रद्धा वाढवणारे असावे असा दंडक होता. परिणामी यश ठळक अक्षरांत येई आणि अपयश सोबतच्या कागदात दडे. फादर आलेसांद्रो वालिग्नानो १५७४ मध्ये निरीक्षक म्हणून गोव्यात आले आणि १५७९ मध्ये जपानला गेले. तेथे पोचल्यावर त्यांना दिसले की, पत्रांतून वाचलेले जपान आणि डोळ्यांपुढचे जपान यांत मोठे अंतर आहे. त्यांनी त्याविषयी स्पष्ट नाराजी कळवली. ज्याने त्याने आपापले पत्र धाडण्याऐवजी संपूर्ण मिशनचे एकच तपासलेले वार्षिक पत्र जावे, अशी घडी त्यांनी घातली. स्वतःच्या संस्थेला सत्य कळवणे हीही एक सेवाच आहे, आणि ती स्तुतीहून अवघड आहे.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ज्ञान मिळवण्याचा मार्ग नेहमीच निर्मळ नव्हता. गोव्याबाहेरच्या एका ब्राह्मणाने अनेक वर्षे खपून जमवलेले ग्रंथ एका नवख्रिस्ती माणसाकरवी चोरून आणवले गेले, आणि हे १५५९ च्या पत्रात समाधानाने नमूद केले आहे. पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात रामायण-महाभारतावरील कोकणी व मराठी रचनांची रोमन लिपीतील हस्तलिखिते आहेत. आज मराठीचे अभ्यासक त्यांना मोलाचे मानतात. मूळ हेतू त्या कथांचे खंडन करण्याचा होता. पण त्याच खटाटोपामुळे सोळाव्या शतकातील आपल्या भाषेचे एक रूप टिकून राहिले, हेही नाकारता येत नाही. तरी दुसऱ्याचे ज्ञान हिरावून घेणे आणि त्याच्यापासून विनयाने शिकणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांतली सीमारेषा आपल्या पूर्वसूरींनी काही वेळा ओलांडली.

तिसरी उणीव म्हणजे मौन. ही हजारो पत्रे युरोपीय माणसांनी युरोपीय माणसांना लिहिली. भाषा शिकवणारे शिक्षक, दुभाषी, धर्मशिक्षण देणारे गावकरी, पालखी उचलणारे भोई, गावातल्या बाया, यांच्या आधाराशिवाय एकही मिशनरी एक पाऊल टाकू शकला नसता. पण त्यांची नावे क्वचितच येतात. पेद्रो लुईस हे मलबारचे ब्राह्मण संघात आले. ते पहिले भारतीय येशूसंघीय. त्यांच्यानंतर हे दार दीर्घकाळ जवळजवळ बंदच राहिले. ज्यांना सर्वाधिक ठाऊक होते, त्यांना लिहिण्याच्या वर्तुळात जागाच नव्हती.

हरवले आणि सापडले

आता जतनाविषयी. अकबर बादशहाच्या निमंत्रणावरून फादर रोदोल्फो आक्वाविवा आणि त्यांचे सोबती १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला पोचले. त्यांतील फादर आंतोनिओ मोन्सेरात यांना गोव्याच्या प्रांतप्रमुखांनी रोजच्या घटना टिपून ठेवण्यास सांगितले होते आणि ते रोज रात्री न चुकता लिहीत. पुढे इथिओपियाला जात असता ते अरबांच्या कैदेत सापडले. सना येथील बंदिवासात त्यांनी आपला लॅटिन वृत्तांत पुरा केला. तो ग्रंथ मात्र पुढे दृष्टीआड झाला. १९०६ मध्ये कलकत्त्याच्या अँग्लिकन सेंट पॉल्स कॅथीड्रलच्या ग्रंथालयात तो अचानक सापडला आणि फादर होस्टेन यांनी १९१४ मध्ये तो प्रसिद्ध केला. तीन शतकांहून अधिक काळ अकबराच्या दरबाराचा हा साक्षीदार कपाटात मुका उभा होता. लिहिले खरे, पण कुठे ठेवले ते कुणाला ठाऊक नसेल तर लिहूनही न लिहिल्यासारखेच.

१७५९ मध्ये पोर्तुगालने आपल्या सर्व मुलखांतून येशूसंघीयांना हाकलले आणि २१ जुलै १७७३ रोजी पोप क्लेमेंट चौदावे यांनी संघच विसर्जित केला. घरे गेली, ग्रंथालये पांगली. ७ ऑगस्ट १८१४ रोजी पोप पायस सातवे यांनी संघाची पुनःस्थापना केली तेव्हा नव्या पिढीला मागील परंपरेशी जोडून देणाऱ्या दुव्यांत हे जुने कागद होते. ‘एक प्रत इथे, एक प्रत तिथे’ हा सोळाव्या शतकातला नियम संकटात उपयोगी पडला. विसाव्या शतकात फादर योसेफ विकी या स्विस येशूसंघीयाने १५४० ते १५९७ या काळातील हिंदुस्थानविषयक पत्रे संपादण्यात आयुष्य वेचले. १९४८ ते १९८८ या ४० वर्षांत त्यांचे १८ खंड रोमहून प्रसिद्ध झाले. आज भारतातील कोणत्याही धर्माचा, कोणत्याही विचाराचा इतिहासकार त्यांचा आधार घेतो.

आणि ‘ख्रिस्तपुराण’? १६१६ च्या मूळ आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही. १६४९ व १६५४ च्या आवृत्त्यांचीही नाही. छापखाना संघाचा, संरक्षण राज्यसत्तेचे, तरी छापील प्रती नष्ट झाल्या. त्याच राज्यसत्तेने १६८४ मध्ये स्थानिक भाषेविरुद्ध फर्मानही काढले. मग हा सुमारे ११ हजार ओव्यांचा ग्रंथ वाचला कसा? ख्रिस्ती घराघरांतून तो हाताने नकलून घेतला जात होता आणि चातुर्मासासारख्याच श्रद्धेने उपवासकाळात गाइला जात होता. गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या कुटुंबांनी तो आपल्याबरोबर नेला. त्यांच्याकडच्या हस्तलिखितांवरूनच १९०७ मध्ये मंगळूर येथे तो पुन्हा छापला गेला. देवनागरीतील एक हस्तलिखित प्रत लंडन येथील मार्सडन संग्रहात आढळली. संस्थेच्या कपाटाने जे गमावले ते गोरगरिबांच्या पेटाऱ्याने राखले.

आपल्या धर्मग्रामासाठी

ही हकिगत केवळ येशूसंघीयांची नाही. ट्रेंटच्या धर्मसभेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मग्रामात विवाहांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा केली. १६१४ च्या रोमन विधिग्रंथाने स्नानसंस्कार, दृढीकरण, विवाह, कुटुंबांची स्थिती आणि मृत्यू अशा पाच वह्यांचे नमुने घालून दिले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचे ५३५ वे कलम आजही सांगते की प्रत्येक धर्मग्रामाचे स्वतःचे दफ्तर असावे आणि जुन्या वह्या काळजीपूर्वक जपाव्यात. वाळवी आणि कोकणचा पाऊस यांना मात्र कलमे कळत नाहीत. त्यांच्याशी आपल्यालाच झुंजावे लागते.

धर्मगुरूंची काही वर्षांनी बदली होते, ते योग्यच आहे. पण विहिरीचा हक्क कोणाचा, सणाच्या मानाचा वाद कसा मिटला, पतपेढीचा पहिला प्रयोग का फसला, कोणत्या घरात कोणते दुःख आहे, हे नव्या माणसाला सांगणार कोण? येथे चार शतकांपूर्वीचे धडे तसेच्या तसे लागू पडतात. सर्वांना दाखवायचे आणि जपून ठेवायचे यांचे कागद वेगळे असावेत. कुटुंबाचे दुःख कधीही उघड्या वहीत येऊ नये. प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या छपराखाली असावी. कुठे काय ठेवले आहे याची यादी किमान तिघांपाशी असावी. वार्षिक वृत्तांतात काय साधले याच्याबरोबर काय साधले नाही हेही लिहावे. आणि ज्यांची नावे जुन्या पत्रांत आली नाहीत, त्यांची नावे आपल्या वहीत यावीत: वेदीची फुले वर्षानुवर्षे आणणारी बाई, घंटा वाजवणारा माणूस, लग्नातली जुनी गाणी तोंडपाठ असलेली आजी.

त्या आजीजवळ तिच्या नातवंडांनी वही घेऊन बसावे. त्यासाठी धर्मगुरूच्या परवानगीची गरज नाही. ‘ख्रिस्तपुराण’ नकलून घेणाऱ्या त्या अनाम कुटुंबांनीही कुणाच्या हुकमाची वाट पाहिली नव्हती.